कर्करोगानंतरचा श्वास : एका संशोधिकेची निबंधसूची वाचताना

मंडळाच्या व्यासपीठावर डॉक्टर पाहुण्यांचा परिचय करून देताना एक वाक्य हमखास येते : 'यांचे शंभराहून अधिक शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत.' आपण टाळ्या वाजवतो, शाल-श्रीफळ होते आणि कार्यक्रम पुढे सरकतो. त्या शंभर निबंधांत होते काय, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर चहापानाच्या गडबडीत उत्तर मिळणे कठीण. म्हणून या वेळच्या आरोग्यविषयक लेखासाठी आम्ही ठरवले की एकाच संशोधिकेची निबंधसूची घ्यायची, तिच्यातले महत्त्वाचे निबंध क्रमाने पाहायचे आणि त्यांतून आपल्या घरांना काय मिळते ते सभासदांसमोर मांडायचे.

विषय निवडताना फार विचार करावा लागला नाही. आपल्या परिचयातल्या किती तरी घरांत आज असे कोणी ना कोणी आहे, की ज्यांचे कर्करोगाचे ऑपरेशन झाले, केमो झाली, अवंतिका एक्सप्रेसने मुंबईच्या खेपा झाल्या आणि शेवटी 'रिपोर्ट चांगले आले' असे फोन सगळ्या नातेवाइकांना गेले. आजार गेला, पण माणूस पूर्वीसारखा झाला नाही. एक जिना चढला की धाप लागते. बाजारातून येईपर्यंत दोनदा थांबावे लागते. घरातले म्हणतात, 'तुम्ही बसा हो, आम्ही आहोत ना करायला.' हे प्रेमाने म्हटलेले असते, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न एवढाच, की या बसवून ठेवण्याने त्या माणसाचे भले होते की नुकसान?

आम्ही निवडलेल्या संशोधिकेने जवळजवळ सगळी कारकीर्द या प्रश्नाभोवती घालवली आहे. त्यांचे नाव लिंडा डेनेही, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठात फिजिओथेरपीच्या प्राध्यापक. त्या शल्यचिकित्सक नाहीत की नवे औषध शोधणाऱ्याही नाहीत. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट म्हणजे गुडघ्याला शेक देणाऱ्या किंवा ऑपरेशननंतर 'चला, उठा' म्हणत खोलीत येणाऱ्या ताई, एवढीच ओळख असते. या शाखेतही काटेकोर चाचण्या होतात आणि त्या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत छापल्या जातात, हे आपल्यापैकी अनेकांना नवीन वाटेल.

डेनेहींची सूची वरवर चाळली तर दोन वेगळे व्यवसाय एकत्र बांधल्यासारखे दिसतात. एकीकडे पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे श्वसनाचे त्रास, अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटरवरून सुटलेले रुग्ण. दुसरीकडे फुफ्फुसाचा कर्करोग आणि त्यातून पुढे गेलेल्यांचे जगणे. क्रमाने वाचत गेले की लक्षात येते, प्रश्न एकच आहे : अंथरुणाला खिळलेल्या शरीराला केव्हा उठवायचे, कसे उठवायचे आणि त्याने खरोखर काही फरक पडतो का?

यातला श्वासाचा भाग थोडा समजून घेऊ. जठर, यकृत, स्वादुपिंड किंवा मोठे आतडे यांच्या कर्करोगासाठी पोटाच्या वरच्या भागात मोठा छेद घेतात. ऑपरेशन पोटाचे असते, पण नंतरचे संकट बऱ्याचदा फुफ्फुसात उभे राहते. पोट आणि छाती यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुफ्फुसाच्या तळापर्यंत हवा पोचते. भूल, वेदना आणि टाके यांमुळे ऑपरेशननंतर हा पडदा नीट हालत नाही. माणूस वरवरचा, उथळ श्वास घेत राहतो. तळाचे वायुकोश मिटतात. खोकल्याने टाके दुखतात म्हणून खोकला दाबला जातो, कफ साठतो आणि दोन-चार दिवसांत न्यूमोनियाची भीती निर्माण होते. शल्यचिकित्सकाने गाठ उत्तम काढलेली असूनही रुग्ण पुन्हा ऑक्सिजनवर जातो तो अनेकदा या वाटेने.

डेनेहींच्या सुरुवातीच्या निबंधांपैकी एक २००१ चा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ठरावीक वेळा मास्कमधून दाबाने हवा दिली, तर नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा अधिक उपयोग होतो का, हे त्यात तपासले होते. रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत तसे पाडले, म्हणजे कोणाला काय मिळणार हे डॉक्टरांच्या पसंतीवर राहिले नाही. निष्कर्ष असा, की गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. हा निबंध सूचीत अभिमानाने उभा आहे, आणि आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो. यंत्र महाग आणि झगमगीत असले म्हणून ते साध्या उपायापेक्षा सरस ठरतेच असे नाही, हे कोणी तरी मोजून सांगावे लागते. ज्याच्या सूचीत प्रत्येक उपाय यशस्वी झालेला दिसतो, त्याच्याकडे थोडे सावधपणे पाहावे असे आमचे मत आहे.

यानंतर २००७ चा एक छोटासा निबंध येतो. पहिले नाव ब्राउनिंग या संशोधिकेचे, सोबत डेनेही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दिवसभरात किती वेळ खरोखर उभे असतात किंवा चालतात, हे त्यांनी अंगावर लावलेल्या मोजणी-यंत्राने टिपले. पहिल्या दिवशी मधला आकडा आला ३ मिनिटे. चौथ्या दिवशी तो सुमारे ३४ मिनिटांवर गेला. दिवसाचे २४ तास, त्यांतली ३ मिनिटे! रुग्णालयात कोणालाही विचारले असते तर 'आम्ही रुग्णांना लवकर चालवतो' असेच उत्तर मिळाले असते, आणि ते खोटे बोलत नसते. त्यांना तसे वाटत होते. मोजल्यावर चित्र वेगळे निघाले. ज्यांचा उभा वेळ जास्त होता त्यांचा रुग्णालयातला मुक्काम कमी होता असेही दिसले, पण त्यावरून घाईने निष्कर्ष काढता येत नाही. मुळात तब्येत बरी असणारा माणूस जास्त चालेल आणि लवकर घरीही जाईल, हे उघड आहे.

विश्रांतीची एवढी भीती का बाळगायची, असे कोणी विचारेल. आपल्याकडे तर दुखण्यातून उठलेल्या माणसाला महिनाभर 'जपणे' हे घराचे कर्तव्य मानतात. यासाठी डेनेहींच्या सूचीच्या बाहेरची, पण या विषयातली जुनी गोष्ट सांगतो. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले आणि आधी-नंतर त्यांची दमसास मोजली. ती चांगलीच उतरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना, आता पन्नाशीचे झालेले असताना, पुन्हा बोलावून तपासले. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढी क्षमता कमी झाली होती, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने जास्त कमी झाली होती. ही विशीतल्या धडधाकट मुलांची कथा. मग पंच्याहत्तरीच्या काकांना ऑपरेशननंतर महिनाभर पलंगावरच जेवण नेऊन दिले, तर काय होत असेल?

तरीही गोष्ट 'व्यायाम करा, सगळे ठीक होईल' इतकी सोपी नाही, आणि डेनेहींचा २०१३ चा निबंध याची साक्ष देतो. अतिदक्षता विभागात पाच दिवस किंवा अधिक राहिलेले १५० रुग्ण त्यांनी घेतले. निम्म्यांना नेहमीची काळजी. उरलेल्यांना अतिदक्षता विभागातच सुरू होणारा, पुढे वॉर्डात आणि घरी गेल्यावर बाह्यरुग्ण म्हणूनही चालणारा नियोजित व्यायाम. वर्षभराने दोन्ही गट किती चालू शकतात हे पाहिले. मुख्य मोजमापात लक्षणीय फरक दिसला नाही. इतके कष्ट घेऊन हाती आलेले उत्तर असे होते, आणि ते जसेच्या तसे छापले गेले.

येथे 'किती चालू शकतात' हे मोजतात कसे तेही सांगू, कारण पुढे सगळीकडे ते येते. याला सहा मिनिटांची चालण्याची चाचणी म्हणतात. सुमारे ३० मीटरच्या सरळ, सपाट मार्गिकेत रुग्णाने सहा मिनिटे स्वतःच्या गतीने ये-जा करायची, दमल्यास थांबायचे, पुन्हा निघायचे. शेवटी एकूण अंतर मोजतात. यंत्र लागत नाही, घड्याळ आणि फीत पुरते. फुफ्फुस, हृदय, स्नायू आणि मनाची उमेद अशा सगळ्यांची मिळून ही परीक्षा असल्यामुळे श्वसनविकारतज्ज्ञ तिला मान देतात. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत या अंतरात किती फरक पडला तर तो माणसाला खरोखर जाणवतो, याचाही अभ्यास डेनेही आणि त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेल्या कॅथरिन ग्रेंजर यांच्या गटाने केला आणि उत्तर आले २२ ते ४२ मीटर. म्हणजे संगणकाच्या हिशेबात पाच मीटरची वाढ 'लक्षणीय' ठरली, तरी रुग्णाच्या दृष्टीने ती शून्य असू शकते. हा विवेक आम्हाला फार मोलाचा वाटतो.

ग्रेंजर यांच्याबरोबरच डेनेहींची सूची कर्करोगाकडे वळते. २०११ मध्ये त्यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगात व्यायामावर तोवर झालेल्या सर्व अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. त्या काळी या आजारात व्यायाम हा शब्द उच्चारणेही अनेकांना धाडसाचे वाटे. २०१४ च्या निबंधात निदान झालेल्या ५० रुग्णांचे निरीक्षण आहे. हे लोक निदानाच्या वेळीच आपल्या वयाच्या निरोगी माणसांपेक्षा कमी हालचाल करत होते, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांची चालण्याची क्षमता आणखी घसरली. घसरण उपचार संपल्यावर सुरू होत नाही, ती आधीच सुरू झालेली असते. उपचार संपल्यावर ती आपल्या लक्षात येते एवढेच.

उपचार संपल्यानंतरच्या या काळाला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले त्याला चाळीस वर्षे झाली. अमेरिकेतले डॉ. फिट्झह्यू मुलन यांना १९७५ साली, तिशीत असतानाच, छातीच्या पोकळीत कर्करोगाची गाठ निघाली. ते वाचले. १९८५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांनी स्वतःच्या अनुभवावर एक लेख लिहिला. 'बरा झाला' आणि 'बरा झाला नाही' अशी माणसांची दोन खात्यांत विभागणी करणे चुकीचे आहे, निदानापासून पुढे माणूस वेगवेगळ्या ऋतूंतून जातो आणि प्रत्येक ऋतूच्या गरजा वेगळ्या असतात, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी त्यांनी इतरांसोबत अशा लोकांची एक राष्ट्रीय संघटना उभारली. ते २०१९ पर्यंत जगले. इंग्रजीत या काळाला 'सर्व्हायव्हरशिप' म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. 'कर्करोगमुक्त' म्हटले की विषय संपल्यासारखा वाटतो, आणि आपल्या कित्येक घरांत तर मूळ आजाराचे नावही घेत नाहीत, 'ते दुखणे' म्हणतात. आम्ही या लेखात 'कर्करोगानंतरचे जगणे' असे लिहीत आहोत. कोणाला चांगला शब्द सुचला तर जरूर कळवावा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, लहानपणी कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या मुलांच्या पुढच्या आयुष्यावर लक्ष ठेवणारे वेगळे क्लिनिक १९९१ पासून आहे. म्हणजे ही कल्पना आपल्याकडेही परकी नाही.

आता सूचीतल्या ज्या निबंधासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिले नाव इयान्थी बोडेन यांचे, शेवटचे डेनेहींचे, आणि मध्ये कोठे तरी ३ मिनिटे मोजणाऱ्या ब्राउनिंगही आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तीन सार्वजनिक रुग्णालयांत, पोटाच्या वरच्या भागाची मोठी शस्त्रक्रिया ठरलेले ४४१ रुग्ण घेतले. सगळ्यांना माहितीपुस्तिका दिली. अर्ध्या रुग्णांना त्याशिवाय एक गोष्ट जास्त मिळाली : ऑपरेशनच्या आधीच्या काही आठवड्यांत फिजिओथेरपिस्टबरोबर एकदाच, सुमारे अर्ध्या तासाची भेट. त्या भेटीत ऑपरेशननंतर फुफ्फुसात काय होते ते समजावून सांगितले, लवकर उठून चालण्याचे कारण सांगितले आणि शुद्धीवर आल्याबरोबर दर तासाला स्वतःच करायचे दीर्घ श्वासाचे व्यायाम शिकवून घेतले. ऑपरेशननंतर दोन्ही गटांना सारखीच काळजी मिळाली. कोण कोणत्या गटात आहे हे तपासणाऱ्यांना माहीत नव्हते.

नुसती पुस्तिका मिळालेल्या २१४ जणांपैकी ५८ जणांना, म्हणजे २७ टक्क्यांना, फुफ्फुसाची गुंतागुंत झाली. अर्ध्या तासाची भेट मिळालेल्या २१८ पैकी ती २७ जणांना झाली, म्हणजे १२ टक्के. प्रमाण निम्म्याहून खाली आले. दर सात रुग्णांना शिकवले तर त्यांतला एक या संकटातून वाचतो, असा हिशेब निघाला. औषध नाही, यंत्र नाही, एकच भेट. मात्र रुग्णालयातला मुक्काम कमी झाला असे सिद्ध झाले नाही, तेही निबंधात स्पष्ट लिहिले आहे. शिवाय ही सगळी आधी ठरवून केलेली ऑपरेशने होती. रात्री अचानक पोट फुगल्यामुळे करावे लागलेल्या ऑपरेशनला हे आकडे लावता येणार नाहीत.

हे शिकवणे ऑपरेशनच्या आधी का, यात खरी मेख आहे असे आम्हाला वाटते. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, नाकात नळी, पोटावर पट्टी, डोळ्यांवर झापड असताना कोणी 'खोल श्वास घ्या, काका' म्हटले, तर काका मान हलवतात आणि झोपी जातात. तीच गोष्ट आठ-पंधरा दिवस आधी, घरच्या कपड्यांत खुर्चीवर बसून, कारणासकट समजली, तर शुद्धीवर येताच ती आठवते. आपल्याकडे बऱ्याच रुग्णालयांत तीन रंगीत चेंडूंचे प्लॅस्टिकचे यंत्र हातात देतात. ते कसे ओढायचे हे नीट न समजल्यामुळे कित्येक घरांत ते नंतर नातवंडांचे खेळणे होते. यंत्र वाईट नाही, पण या चाचणीचा भर समजावण्यावर आणि स्वतः करण्यावर होता.

एक वर्षाने, २०१९ मध्ये, 'थोरॅक्स' या श्वसनविकारांच्या नियतकालिकात याच गटाची आणखी एक चाचणी आली. पहिले नाव लारा एडब्रूक यांचे. या वेळी रुग्ण अधिक कठीण परिस्थितीतले, ज्यांच्या फुफ्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया शक्य नव्हती असे ९२ जण. त्यांतल्या काहींना घरच्या घरी व्यायाम आणि लक्षणे सांभाळण्याचे मार्गदर्शन दिले. चालण्याच्या अंतरात फरक पडला नाही. मुख्य प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले. सहा महिन्यांनी मात्र लक्षणांची तीव्रता आणि जगण्याची प्रत यांत व्यायामाचा गट सरस होता. दुय्यम निष्कर्षांवर मुख्य निष्कर्षाइतका भरवसा ठेवायचा नसतो, हा नियम आहे. तरी असा आजार असलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर चार मीटर जास्त चालण्यापेक्षा कमी धाप आणि बरी झोप यांना मोल अधिक असेल.

एकेका चाचणीवर विसंबू नये म्हणून अनेक चाचण्या एकत्र तोलणारे कॉक्रेन आढावे असतात. फुफ्फुसाचा भाग काढल्यानंतर वर्षभरात व्यायाम केलेल्यांबद्दलचा २०१९ चा आढावा व्हिनिसियस कॅव्हालेरी यांच्या गटाचा आहे. ८ चाचण्या, ४५० रुग्ण. सहा मिनिटांच्या चालण्यात सरासरी ५७ मीटरची वाढ. वर सांगितलेले २२ ते ४२ मीटर आठवा, म्हणजे ही वाढ माणसाला जाणवेल अशी आहे. आणि अलीकडची गोष्ट म्हणजे, मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर उपचार पूर्ण झालेल्या ८८९ जणांची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती डेनेहींची नाही, कॅनडातले केरी कुर्निया आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्या गटात आठ वर्षांनी ९०.३ टक्के लोक हयात होते, नुसती माहिती दिलेल्या गटात ८३.२ टक्के. व्यायामाच्या गटात स्नायू-सांध्यांच्या तक्रारी जास्त होत्या हेही त्यांनी नोंदवले. हा आतड्याचा कर्करोग आहे. तोच आकडा फुफ्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाला चिकटवून कोणी संदेश पुढे पाठवला, तर तेथेच थांबवावा.

सूची वाचण्याविषयी दोन शब्द. वैद्यकीय निबंधात बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे नाव पहिले आणि मार्गदर्शकाचे शेवटचे असते. म्हणून सूचीत वर्षे जातात तसे ज्येष्ठ संशोधकाचे नाव पुढून मागे सरकताना दिसते, आणि ते चांगले लक्षण आहे. विद्यार्थी उभे राहत आहेत. एकूण आकड्यापेक्षा प्रश्नांचा धागा पाहावा. आढावे किती, प्रत्यक्ष चाचण्या किती, 'फरक आढळला नाही' असे किती, ते पाहावे. 'पबमेड' या मोफत संकेतस्थळावर संशोधकाचे नाव टाकले की निबंधांचे सारांश दिसतात. निबंध मागे घेतला गेला असेल तर तेथे तशी नोंद असते. आपल्या घरातली कॉलेजातली मुले हे काम पाच मिनिटांत करून देतील.

आता आपल्या इंदुरातल्या घरांकडे. आपल्या पिढीतल्या अनेक आई-मावश्यांनी सिगारेट कधी हातात धरली नाही, पण चुलीचा धूर वर्षानुवर्षे घेतला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या आढाव्यात दाखवले, की श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या सीओपीडी या आजाराचे २५ ते ४५ टक्के रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले असतात. तेव्हा कर्करोगाच्या ऑपरेशनला जाणाऱ्या आजी 'मी कुठे विडी ओढते' म्हणाल्या, तरी त्यांच्या चुलीची गोष्ट डॉक्टरांना सांगावी. ऑपरेशनची तारीख मिळाली की शल्यचिकित्सकांना विचारावे : आधी फिजिओथेरपिस्टची एक भेट मिळेल का? शक्यतो ज्या रुग्णालयात ऑपरेशन आहे तेथेच, म्हणजे नंतर उठवायला येणारी व्यक्ती आधी भेटलेली असेल. त्या भेटीला घरातले एक जण सोबत असावे. पुढे दर तासाला आठवण तेच करून देणार आहेत.

उपचारांनंतर चालणे सुरू करताना आधी धापेचे कारण पाहून घ्यावे. रक्त कमी असणे, छातीत पाणी, फुफ्फुसात रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, क्षय, काही केमो-औषधांचा फुफ्फुसावर किंवा हृदयावर झालेला परिणाम, छातीला किरणोपचार घेतल्यावर काही महिन्यांत येणारी सूज, यांपैकी काहीही असू शकते, आणि यांना नुसता व्यायाम हे उत्तर नाही. ब्लिओमायसिन हे औषध पूर्वी मिळालेले असेल, तर पुढच्या कोणत्याही ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञांना ते सांगावे. त्यासाठी केमोची कागदपत्रे फाइलमध्ये जपून ठेवावीत. आजार हाडांत पसरलेला असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा ताप असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम वाढवू नये.

तपासणीत असे काही निघाले नाही, तर अंगणात, गच्चीवर, बागेत, जेथे जमेल तेथे, बोलता येईल इतपत गतीने चालावे. थंडीत सकाळचे धुके आणि धूर ओसरल्यावर निघावे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे झाली तरी वहीत लिहून ठेवावीत, म्हणजे पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवता येतील. चालताना छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, एका पायाला अचानक सूज दिसली, थुंकीतून रक्त पडले किंवा बसल्या जागी धाप वाढली, तर चालणे तेथेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.